तुम्ही विचारलंत म्हणून: स्पोरला बी म्हटलं की मी चिडते का

"मॅडम, स्पोर म्हणजे बीच की, मग बी म्हटलं तर एवढं चिडायला काय झालं?" खानापूरच्या बाजारात हे विचारून झालंय, बेळगावच्या बसमध्ये विचारून झालंय, आणि परवा शेजारच्या काकूंनी जांभ्याच्या कंपाउंडवरचं लिव्हरवर्ट, म्हणजे स्पोरनं पसरणारं ते शेवाळासारखं हिरवं झाड, खुरप्यानं खरवडता खरवडता विचारलं. तेवीस वर्षं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायोलॉजी शिकवलीय, थोडं चिडायचा हक्क आहे मला.

तर एकदाच सांगते. भुईमुगाचा दाणा उघडा, दोन डाळींच्या मधे टोकाला इवलासा कोंब दिसतो, ते बाळ, शिदोरीसकट. स्पोरमध्ये बाळबीळ काही नाही, एकच पेशी, तीही क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, अर्ध्या संचाची. मार्केन्शियात, म्हणजे लिव्हरवर्टच्याच एका प्रकारात, ती ९. शब्दानंही घोळ घातलाय म्हणा, मराठीत बीजाणू, कन्नडमध्ये बीजक, दोन्हीकडं बी आधीच आत शिरून बसलंय, पोरं तरी काय करणार. आणि काकू, तुमच्या भिंतीवरचं बरंचसं स्पोरपासूनही आलेलं नसेल, त्या पानासारख्या पट्टीवर बारके कप असतात ना, त्यातल्या हिरव्या टिकल्या पावसाच्या थेंबानं उडतात आणि पडतील तिथं रुजतात.

पण खरं सांगू का, माझी चीड बीची नाहीच.

जांबोटीकडची एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, पीयूसीला एकदम सगळं इंग्लिश. फर्स्ट इयरच्या टेस्टमध्ये मार्केन्शियाच्या स्पोरोफाइटवर, म्हणजे स्पोरची पिशवी (कॅप्सूल) धरणाऱ्या पिढीवर, दोन मार्कांचा प्रश्न होता. तिनं एक ओळ मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये लिहिली, अडली, आणि खाली सरळ मराठीत लिहिलं: कॅप्सूल हे झाडाचं लेकरू, ते आईच्या अंगावरच राहतं, वेगळं होत नाही, स्पोर ही नातवंडं, ती लांब जातात. मी लाल रेघ मारली, शून्य दिलं, आणि एवढ्यावर न थांबता वर्गात वाचून दाखवलं. आवाज काढून. "नातवंडं! मग पणजी कुठंय गं?" वर्ग हसला. ती उभीच होती, पेपरचा कोपरा बोटांनी गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. दिवाळीनंतर ती आर्ट्सला गेली. बसचा त्रास असेल, फी असेल, घरचं काही असेल, एका उत्तरावरून कोण सायन्स सोडतंय, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मी स्वतः मराठी मिडीयमची, हे इथं लिहायला नको वाटतंय, पण आहे.

आणि तिचं बरोबर होतं हो. हे मला कळलं कधी, तर पुढं कितीतरी वर्षांनी, प्रॅक्टिकलला. माहिती आधीपासून होतीच, पाठच होती, पण कळणं वेगळं. मादी झाडाच्या छत्रीखालची कॅप्सूल सुईनं फोडली, आतून पिवळट कापूस आला, मायक्रोस्कोपखाली धरून त्यावर हलकेच श्वास सोडला की त्यातले इलेटर, म्हणजे ते पिळाचे धागे, दमटपणानं हलतात आणि वाळता वाळता परत पिळ घेत स्पोर उडवतात. ते बघत असताना एकदम डोक्यात आलं, ही पोरगी हेच म्हणत होती. हिरवी पट्टी ती आई. नराच्या पेशी पावसाच्या पाण्यातून पोहत येतात, गर्भ धरतो, त्याची कॅप्सूल होते, ते लेकरू, क्रोमोसोम दुप्पट, पाय आईच्या अंगात रुतलेला, खाणंही तिचंच. मग त्या लेकराच्या पोटात मायोसिस, म्हणजे क्रोमोसोम निम्मे करणारं पेशीविभाजन, होऊन एकेका पेशीचे चार स्पोर, दोनातून नर झाडं, दोनातून मादी. म्हणजे नातवंडंच की! स्पोरला बी म्हटलं की ही मधली पिढीच गायब होते, म्हणून चिडते मी. होफमायस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं पिढ्यांची ही अदलाबदल १८५१ मध्ये पुस्तक लिहून मांडली, हिनं चार ओळींत मांडली.

आता तुम्ही म्हणाल, मग चूक कबूल करा. कबूल काय करायचं? बोर्डाचा पेपर तपासणारा नातवंडांना मार्क देणार होता का? मी पोरांना त्या पेपरसाठीच तयार करत होते. बरं, मग तिच्या उत्तराशेजारी नीट इंग्लिश उत्तर लिहून द्यायचं होतं, वाचून कशाला दाखवलंस? याचं उत्तर माझ्याकडं नाही. शिवाय "लांब जातात" हे सगळीकडं खरं नाही, भात कापलेल्या वावरात रिक्सिया हे दुसरं लिव्हरवर्ट येतं ना, त्यात इलेटरच नसतात, आईचं अंग कुजेल तेव्हा नातवंडं मोकळी. पण प्रश्न मार्केन्शियाचा होता, तेव्हा हेही जाऊ दे.

तो पेपर आज समोर आला तर दोनपैकी दीड देईन. अर्धा कापेन, मायोसिस लिहिलं नव्हतं तिनं.