केशरी कार्ड, सहा तोंडं आणि तीन नावं

आमच्याकडे महिन्याचा किराणा भरायची पद्धत नाही. बाजाराच्या दिवशी हप्त्याची मजुरी हातात येते आणि त्याच दिवशी ती थैलीत जाते. पाव किलो तेल, चहापत्ती, मीठ, मिरची, आलू, भेदरं म्हणजे टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, पोरांसाठी थोडे मुरमुरे. पुढच्या बाजारापर्यंत तेवढंच चालवायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरं अशीच चालतात, म्हणून लॉकडाऊनमध्ये नेमकं काय अडलं हे शहरातल्या माणसाला सांगताना मला आधी बाजाराचं सांगावं लागतं.

२०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २३ ला राज्यात संचारबंदी लागली आणि २४ च्या रात्री २१ दिवसांचा देशभरचा लॉकडाऊन जाहीर झाला. टीव्हीवर सांगत होते, जीवनावश्यक वस्तूंची दुकानं उघडी राहतील, घाबरू नका. पण आमचं दुकान म्हणजे आठवडी बाजार, आणि सगळ्यात आधी बंद झाला तो बाजारच. माझे मिस्टर सवाऱ्यांची काळीपिवळी जीप चालवायचे, दुसऱ्याच्या मालकीची, रोजाने. गाडी उभी राहिली त्या दिवसापासून रोज बंद. सासूबाई आणि मी निंदण-वेचणीला जायचो, पण मार्चअखेर कापसाची वेचणी संपलेली असते आणि हरभरा निघालेला असतो. म्हणजे कामही नाही आणि बाजारही नाही.

गावात किराण्याची दोन दुकानं. पहिल्या आठवड्यातच एकाकडचं तेल संपलं. दुसऱ्याकडे होतं, पण पाकिटामागे वीस-पंचवीस रुपये जास्त, आणि उधारी बंद. "वहिनी, माल येऊनच नाही राह्यला, मी कुठून देऊ? अन् मागचं बाकी हाय ना तुमचं." त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तालुक्याहून येणारी ठोकवाल्याची गाडी खरंच बंद होती. पण ज्या घरात रोजी थांबली त्याच घराची उधारी आधी थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घरात धान्य अगदीच नव्हतं असं नाही. दोन पायल्या ज्वारी होती. कापणीनंतर शेतात पडून राहिलेला तुरीचा सरवा वेचून आणलेला होता, तो सासूबाईंनी जात्यावर भरडून डाळ करून ठेवला होता. वरण शिजायचं, पण फोडणीला तेल नाही. त्या दिवसांत सासूबाईंची तेल घालायची पद्धत मला अजून दिसते. पळी बाजूला ठेवून त्यांनी चहाचा चमचा घेतला होता. तो चमचा कढईवर उलटा करून थेंब गळेपर्यंत धरायच्या, मग त्याच चमच्याला लागलेलं तेल बोटाने पुसून पोरीच्या कोरड्या पडलेल्या ओठांना लावायच्या.

मग राशनच्या बातम्या सुरू झाल्या. २६ मार्चला केंद्र सरकारने जाहीर केलं, एप्रिल, मे, जून असे तीन महिने माणशी ५ किलो धान्य फुकट आणि कुटुंबाला महिन्याला १ किलो डाळ. आमच्या घरात सहा माणसं. सासरे, सासूबाई, आम्ही दोघं, दोन लेकरं. तीस किलोचा हिशोब आमच्या सासऱ्यांनी लगेच बोटांवर केला.

एप्रिलमध्ये कंट्रोलसमोर, म्हणजे राशन दुकानासमोर, चुन्याने गोल आखले होते. ऊन असं की माणसं झाडाखाली आणि गोलांमध्ये त्यांच्या थैल्या, चपला, एकाचं तर टोपलंच. माझा नंबर आला तेव्हा दुकानदाराने मशीनमध्ये बारा अंकी नंबर टाकला आणि मान हलवली. "तुमचं एपीएल केशरी हाय बाई. यादीत नाही." एपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं. त्या काळात संसर्गाच्या भीतीने लोकांचे अंगठे घेणं थांबवलं होतं, दुकानदार स्वतःचा अंगठा लावून वाटप करायचा. म्हणजे आमच्याकडे नेहमी रडवणारी अंगठ्याची अडचण तेव्हा नव्हतीच. अडलं होतं ते यादीवर.

ही यादी काय आहे ते मला तेव्हा नीट कळलं, आणि ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या गावात आजही लोक कार्डाच्या रंगावरच भांडतात. अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यात अंत्योदयवाले येतात, त्यांना कार्डामागे ३५ किलो. दुसरे प्राधान्य कुटुंबवाले, त्यांना माणशी ५ किलो, तेव्हा गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. केशरी कार्डवालेही प्राधान्यात असू शकतात, खेड्यात वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत असेल तर. पण राज्याला किती लोकांना धान्य द्यायचं याचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधून दिलेला आहे, सुमारे ७ कोटी. तो भरला की नवीन नाव बसत नाही. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "इष्टांक संपला." फुकटचं धान्य याच यादीतल्यांना होतं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक यादी होती. शेतकरी आत्महत्यांचे जे १४ जिल्हे धरले, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही २०१५ पासून २ आणि ३ रुपयांत धान्य मिळायचं. त्यासाठी सातबारा लागतो. आमच्या वाट्याचं दोन एकर सासऱ्यांनी नणंदेच्या लग्नात विकलं. भासऱ्यांनी, म्हणजे मिस्टरांच्या मोठ्या भावाने, त्यांच्या वाट्याचं राखलं. एका भिंतीआड दोन चुली, दोघींचं कार्ड केशरी. जाऊबाईंच्या घरी राशनचा गहू येत होता आणि आमच्या घरी नाही, कारण आम्ही जमीन गमावलेले आहोत. जमीन गेलेल्या माणसाला जमीन असलेल्यापेक्षा कमी गरीब धरायचं, याचा राग मला आजही येतो. जाऊबाईंवर मात्र नाही. त्यांनी त्या महिन्यात एक पायली गहू गुपचूप आमच्या चुलीपाशी आणून ठेवला. त्यांच्या घरात तरी काय होतं? पैसा म्हणाल तर कापूस होता, छतापर्यंत रचलेला. खरेदी केंद्र बंद. लांब धाग्याच्या कापसाला ५,५५० रुपये हमीभाव कागदावर, आणि लेकरं कापसाच्या खोलीशेजारी झोपून अंगभर खाजवत होती.

एप्रिलमध्येच राज्य सरकारने केशरीवाल्यांसाठी निर्णय घेतला. मे आणि जून, माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. सहा जणांचे होतात २८८ रुपये. सासूबाईंच्या जनधन खात्यात ५०० जमा झाले होते. खात्याच्या शेवटच्या अंकाप्रमाणे तारखा दिल्या होत्या, तरी ग्राहक सेवा केंद्रासमोर अर्धं गाव उभं होतं. त्यातले पैसे आम्ही राशनसाठी बांधून ठेवले.

दुकानदाराने कार्ड पाहून तीनच माणसांचं धान्य मोजलं. कार्डावर नावं तीनच. सासरे, सासूबाई आणि मिस्टर. मी नाही, लेकरं नाहीत. नऊ किलो गहू आणि सहा किलो तांदूळ, सहा तोंडांना. हे खरं तर व्हायला नको होतं. २०१७ मध्ये मी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा मूळ दाखला जोडून अर्ज दिला होता. पोरीच्या जन्माचा दाखला जोडून पुन्हा दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे होती, प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डांसोबत. कार्यालयात फाईल सापडत नव्हती.

लॉकडाऊनमध्ये दाखल्यांचं सेतू केंद्र बंद. तालुक्याला जायला गाडी नाही, रस्त्यावर पोलीस. मी पोचपावत्यांचे फोटो काढून तलाठ्यांना पाठवले. ते म्हणाले, मूळ दाखला पुन्हा लागेल. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, मधे जिल्ह्याची सीमा. भाऊ तिकडच्या कार्यालयात जायचा, कधी साहेब नाहीत, कधी इंटरनेट नाही. शेवटी एका बाबूंनी जुनं रजिस्टर काढून नकलेवर सही-शिक्का दिला. भावाने शेतातून व्हिडिओ कॉल केला, कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि मला म्हणाला, "ताई, नाव वाचून पाह्य, स्पेलिंग बराबर हाय ना?" मी एकेक अक्षर वाचलं. वाऱ्याने कागद फडफडत होता आणि तो दोन्ही हातांनी धरून उभा होता. मी इकडे रडले, तो विचारत राहिला, काय चुकलं, काय चुकलं?

कागदाची फोटोप्रत कार्यालयाने घेतली नाही. कागद स्वतः यायला जून उजाडला.

तोवर आम्हाला कुणी जगवलं, तर बचत गटाने. आमच्या गटात जमा रक्कम होती, ती कर्ज म्हणून वाटायची की किराणा आणायचा यावर वाद झाला. मी किराण्याच्या बाजूने होते. प्रत्येकीला हजार रुपये दिले असते तर ते गावातल्याच दुकानात चढ्या भावाने गेले असते. सरपंचांचं पत्र घेतलं, गाडीचा नंबर, चालकाचं आणि सोबतच्या एकाचं आधार जोडलं आणि पोलीस ठाण्यातून अत्यावश्यक सेवेचा पास काढला. गावातल्याच एकाचा छोटा हत्ती टेम्पो होता, मिस्टर चालवायला बसले. घराघरातून चिठ्ठ्या गोळा केल्या. त्या चिठ्ठ्या मी लिहून घेतल्या, म्हणून सांगते, धान्य फार थोड्यांनी लिहायला सांगितलं. तेल, मीठ, हळद, चहापत्ती, साखर, कपड्याचा साबण. एका म्हाताऱ्या आजींनी फक्त तंबाखू आणि चुना सांगितला, आणि मी तो लिहिला. ठोकचा भाव मिळाला, डिझेल वजा जाऊनही पाकीट गावातल्यापेक्षा स्वस्त पडलं. त्यानंतर गावातल्या दुकानदाराने भाव उतरवले.

अंगणवाडी ताईंचंही नाव घ्यावं लागेल. धाकट्यासाठी घरपोच कोरडा शिधा आला, गहू, डाळ, मीठ, हळद, मिरची पूड आणि तेल. शाळेत शिल्लक राहिलेले तांदूळ आणि डाळ गुरुजींनी मोठीला वाटून दिली. सरकारच्या याद्यांमध्ये माझी लेकरं राशनला नव्हती, पण शाळेच्या हजेरीत आणि अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत होती, म्हणून त्यांच्या वाट्याचं तेवढं तरी घरात आलं.

मे महिन्यात हायवेवरून माणसं उत्तरेकडे चालत जात होती, तेलंगणातून. नागपूरकडे जाणारा तो रस्ता आमच्या गावापासून जवळ. सासूबाईंनी भाकरी थापल्या, त्याच राशनच्या मोजक्या धान्यातून, आणि मी त्यांना अडवलं नाही.

आमची तिघांची नावं कार्डावर चढली ती पुढच्या हिवाळ्यात. मधे दोनदा त्रुटी निघाली, एकदा मुलाच्या आधारवरच्या जन्मतारखेची, एकदा पत्त्याची. आता ऑनलाइन पाहिलं की सहाही नावं दिसतात. प्राधान्य यादीत मात्र आम्ही अजून नाही. उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज दिला आहे, ग्रामसभेत ठराव घेतला आहे, उत्तर तेच, इष्टांक. २०२३ च्या जानेवारीपासून यादीतल्यांना धान्य फुकट झालं. जाऊबाईंसारख्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं धान्य मात्र बंद करून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात द्यायचं ठरलं, पुढे ते १७० झाले. त्या म्हणतात, पैशाला घरात पाय असतात, गव्हाला नाही.

ज्या बायांचं लग्न होऊन सासरच्या कार्डावर नाव चढलेलं नाही, त्यांच्यासाठी एवढं लिहिते. माहेरच्या कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला लग्नानंतर लगेच घ्या आणि मूळ कागद जमा करण्याआधी त्याची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवा. अर्जाच्या पोचेवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक असल्याशिवाय खिडकी सोडू नका. लेकरांचं आधार आणि जन्मदाखला यातलं नाव, तारीख एक आहे का पाहा. आणि कार्डाचा बारा अंकी नंबर पाठ करा किंवा भिंतीवर लिहून ठेवा. आमचा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे, सासूबाईंना वाचता येत नाही, पण विचारणाऱ्याला त्या भिंतीकडे बोट दाखवतात.