कोल्ह्याकडे पाठ

डिसेंबरातला तिसरा रविवार जवळ आला की शुक्रवारपासूनच आमच्या घरात सोल्डरचा वास सुटायचा. आई म्हणायची, "आला वाटतं कोल्हा." जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्यांना ते ऐकून काय वाटत असेल, कोण जाणे. आमच्या हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, वर्षातून एकदा फॉक्स हंट व्हायची, त्यातला हा कोल्हा. म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. आदल्या रात्री किंवा अगदी पहाटे कोणीतरी तो टेकडीवर लपवून ठेवणार आणि आम्ही त्याचा सिग्नल ऐकत ऐकत त्याच्यापर्यंत पोचणार. खेळ एवढाच. पण एवढ्याशा खेळासाठी पिंपरीपासून सासवडपर्यंतची माणसं सकाळी साडेसहाला कानटोप्या घालून वेताळ टेकडीच्या पायथ्याशी हजर असत.

एरवी आमची सगळी ओळख आवाजाची. रात्री साडेनऊला बँडवर, म्हणजे आमच्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यावर, रोज भेटणारी माणसं, पण चेहरे वर्षातून एकदाच दिसायचे. प्रत्यक्ष भेटीला हॅम लोक 'आयबॉल' म्हणतात. पहिल्या वर्षी मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो याच आयबॉलचा. रेडिओवर धीरगंभीर, आकाशवाणीच्या निवेदकासारखा वाटणारा आवाज एका पाच फुटी, सतत हसणाऱ्या दंतवैद्यांचा निघाला.

तो १९९६ चा डिसेंबर. मी नववीत होतो. हॅमच्या परवान्याची परीक्षा अजून दिली नव्हती. तेव्हा ग्रेड टूच्या परवान्यालासुद्धा मिनिटाला पाच शब्दांचा मोर्स यावा लागे आणि माझी गाडी तीनवर अडकली होती. म्हणून मला नानांच्या हाताखाली दिलं. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, गिरगावात वाढलेले, आणि तीस वर्षं पुण्यात काढूनही पुण्याच्या मिसळीला नावं ठेवणारे. त्यांनी आपला हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ सेट, माझ्या हातात दिला, आवाज थोडा मोठा केला आणि म्हणाले, "छातीशी घट्ट धर. आता जागच्या जागी गोल फिर. घाई नको. देवळात फिरतोस तसा."

मी फिरलो. एका जागी कोल्ह्याचा टूं-टूं आवाज खरखरीत बुडाला.

"थांब. आता तुझ्या पाठीमागे बघ. कोल्हा तिकडे."

मला ते उलटंच वाटलं. सिग्नल जिकडे फुल तिकडे जायचं सोडून, बुडतो तिकडे पाठ करून दिशा कसली ठरवायची? नानांनी समजावलं ते मी पुढे कितीतरी पोरांना त्यांच्याच शब्दांत सांगितलं आहे. "जोर चहूकडे सारखाच वाटतो रे. सिग्नलचा मीटर काटकोनातसुद्धा फुल दाखवेल. बुडतो मात्र एकाच ठिकाणी. माणसाचं अंग म्हणजे पाण्याची पखाल. दोन मीटरच्या लहरीला ती पखाल आडवी आली की सिग्नल पडला."

आमचा कोल्हा १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचा. तिथे लहरीची लांबी जेमतेम दोन मीटर. म्हणून तर आपलं धड तिला आडवं येऊ शकतं आणि हातात धरून टेकडी चढता येईल एवढा अँटेना बनवता येतो. त्या वर्षी आम्हाला कोल्हा सापडला नाही. अकरा वाजता हंट संपल्याची घोषणा झाली तेव्हा आम्ही एका बाभळीखाली संत्रं सोलत होतो. कोल्हा तिथून चाळीस पावलांवर करवंदीच्या जाळीत होता. नानांना त्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही, मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

दोन हजार सालाच्या सुमाराला टेपचा यागी अँटेना आला आणि हंटचं रूपच पालटलं. जो लेजिओ नावाच्या अमेरिकन हॅमने मोजपट्टीच्या पोलादी टेपपासून तीन काड्यांचा अँटेना बनवला होता. त्याची मापं हातोहात फिरत आमच्यापर्यंत आली. मागची काडी एक मीटर पाच सेंटिमीटर, पुढची एकोणनव्वद, मध्ये दोन तुकड्यांची, केबल जोडायची काडी, आणि सगळा सांगाडा पीव्हीसी पाइपचा. सामान तपकीर गल्लीत आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळायचं. दुकानदार विचारायचा, "टेप कापायला घेताय? मग मोजणार कशाने?" त्या टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढल्याशिवाय सोल्डर बसत नाही, घरात सुटणारा वास निम्मा त्या रंगाचाच. पण गंमत अशी की झाडीत शिरताना काड्या वाकतात आणि बाहेर आलं की टण्णकन सरळ होतात. त्याआधी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन गेलेले लोक अर्धा वेळ फांद्यांशी भांडत असायचे.

या अँटेनाला जग यागी म्हणतं. तो १९२६ च्या सुमारास जपानात सेंदाईच्या विद्यापीठात जन्मला आणि प्रयोगांची बरीचशी मेहनत शिंतारो उदा यांची होती. यागी हे त्यांचे प्राध्यापक. त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि नाव त्यांचं झालं. नाना नवीन पोरांना शिकवताना फळ्यावर मुद्दाम लिहायचे : 'दिशादर्शक अँटेना. उदा. यागी.' आणि मग त्या 'उदा' खाली दोन रेघा ओढायचे. हा विनोद समजायला मला तीन वर्षं लागली. दरवर्षी तो मारताना नाना एकटेच हसायचे आणि तेवढंच त्यांना पुरे असायचं.

आमचे नियम साधे होते. सातला सुरुवात, अकराला शेवट. ट्रान्समीटरपाशी डब्यात चिठ्ठ्या असत, त्यांवर एक शब्द लिहिलेला. तो येऊन सांगायचा म्हणजे सापडल्याचा पुरावा. शब्द नानांच्या पसंतीचे : तपकीर, अडकित्ता, खिंडार. पहिलं बक्षीस दहा मीटर कोॲक्स, म्हणजे अँटेनाला जोडायची केबल, आणि ती आपल्यालाच मिळावी म्हणून पन्नाशीचे गृहस्थ चढावर चक्क धावत सुटायचे.

एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपणही जगात चालते तशी रीतसर स्पर्धा घ्यावी. एआरडीएफची, म्हणजे रेडिओने दिशा शोधायच्या याच खेळाची, पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये पोलंडमध्ये झाली होती. त्या पद्धतीत जंगलात पाच कोल्हे असतात. एकाच फ्रीक्वेन्सीवर, पाळीपाळीने एकेक मिनिट बोलणारे. पहिला मोर्समध्ये 'एमओई' म्हणतो, दुसरा 'एमओआय', तिसरा 'एमओएस', मग 'एमओएच', मग 'एमओ' आणि पाचचा आकडा. वरवर पाहता काहीतरीच वाटतं, पण मोर्समध्ये 'ई' म्हणजे एक टिंब, 'आय' दोन, 'एस' तीन, 'एच' चार आणि पाचाच्या आकड्याला पाच टिंबं. म्हणजे मोर्स न येणाऱ्यानेही शेवटची टिंबं मोजली की झालं. कल्पना झकास होती. आमचे पाच ट्रान्समीटर मात्र पाच जणांनी आपापल्या गॅलरीत बसून बनवलेले, त्यामुळे पाचांची घड्याळं पाच प्रकारची. आठ वाजेपर्यंत दोन कोल्हे एकमेकांवर बोलू लागले, नवाला तिसराही त्यांच्यात घुसला. त्यानंतर पुन्हा आम्ही एकाच कोल्ह्यावर आलो, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटलं. पाच कोल्ह्यांमागे पळताना मजा येते, पण एकासाठी तीन तास वणवण करण्यात जो हट्ट येतो तो येत नाही.

टेकडीचा स्वभावही कोल्ह्याला साथ देणारा. वर जुनी दगडाची खाण आहे. एकदा ट्रान्समीटर तिच्या काठाखाली होता. आम्ही पायथ्याच्या तीन ठिकाणांहून दिशा घेतल्या आणि नकाशाच्या झेरॉक्सवर रेघा मारल्या. पाच अंशांची चूक झाली तर किलोमीटरमागे नव्वद मीटर हुकतात, हे पाठ होतं. पण आमच्या रेघा हुकल्या नव्हत्या, त्या एकमेकींना भेटायलाच तयार नव्हत्या. एक खाणीच्या पलीकडे, एक पाण्याच्या टाकीकडे, तिसरी सरळ शहरात. तासभराने कळलं की आम्ही कोल्हा ऐकतच नव्हतो, कातळावर आपटून आलेलं त्याचं प्रतिबिंब ऐकत होतो. दुसऱ्या एका वर्षी नानांनी कोल्ह्याची अँटेना-तार ग्लिरिसिडियाच्या फांदीवर आडवी टाकली. सगळ्यांचे अँटेना उभे. सिग्नल इतका मरतुकडा की लोकांना वाटलं बॅटरी गेली. शेवटी एका काकूंचा यागी चालता चालता हातात आडवा झाला आणि त्यांचा मीटर भस्सकन वर चढला. केबल त्यांनी नेली. नवऱ्याचा परवाना त्यांच्यापेक्षा जुना, हे त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं.

फिरायला येणाऱ्यांचा तर वेगळाच अध्याय. हातात काड्यांचा सांगाडा, कानाला हेडफोन, मध्येच थांबून गोल फिरणारी माणसं. एक आजोबा दरवर्षी भेटायचे. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय शोधताय?" मी भाबडेपणाने म्हणालो, "कोल्हा." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "इथं कोल्हे नाहीत. मोर आहेत. ते बघा की." पोलिसांनी हटकलं तर दाखवायला परवान्याची झेरॉक्स आणि चौकीत दिलेल्या पत्राची प्रत प्रत्येकाच्या खिशात असे. तिची घडी खरी उलगडावी लागली ती दोनदाच, आणि दुसऱ्यांदा हवालदारसाहेबही अर्धा तास आमच्याबरोबर फिरले.

अकरानंतर पायथ्याशी पोहे, आणि पोह्यांनंतर नानांची गोष्ट. गोष्ट ठरलेली, दरवर्षी तीच. १९४२ ची काँग्रेस रेडिओची. तेव्हा नाना दहा वर्षांचे, मुंबईत. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतच ट्रान्समीटर लपवून चले जावच्या बातम्या देत होते, आणि पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या त्यांच्या मागावर. म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते जागा बदलत राहिले. "आमच्यासारखीच हंट," नाना म्हणायचे, "फक्त तिकडे बक्षीस केबल नव्हती, तुरुंग होता." मग ते बोटांवर हिशेब करून दाखवायचे : ते केंद्र सांगायचं ४२.३४ मीटर. तीनशेला बेचाळीस पूर्णांक चौतीसने भागा. सात मेगाहर्ट्झ आणि वर थोडं. "म्हणजे आज तुम्ही रात्री जिथे गप्पा मारता, तोच बँड." ऑगस्टच्या शेवटी सुरू झालेलं केंद्र १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं. तेही, नाना तावातावाने सांगत, अँटेनाने नाही, फितुरीने. आणि मग टेकडीवरून पूर्वेकडे हात करून, "तिकडे येरवड्यात ठेवलं होतं त्यांना."

या गोष्टीमुळे 'फितुरी' हा आमच्यात नियमभंगाचा अधिकृत शब्द झाला. टपरीवाल्याला विचारलं, फितुरी. लपवणाऱ्याच्या स्कूटरची जागा बघून ठेवली, फितुरी. एका वर्षी लपवणाऱ्याच्याच सहा वर्षांच्या मुलाला कोणी चॉकलेट दिलं, त्याला दोन वर्षांची बंदी झाली. (पोह्यांना बंदी नव्हती.)

पुढे स्वस्तातले चिनी हँडी आले, मंडळी वाढली. नव्या पोरांना एक युक्ती शिकवावी लागली. जवळ गेलं की सिग्नल इतका जबर होतो की अँटेना काढला तरी तो सेटच्या प्लॅस्टिकमधून आत शिरतो आणि कुठेही फिरा, मीटर फुलच. अशा वेळी सेट तिप्पट फ्रीक्वेन्सीवर न्यायचा. १४५ चा कोल्हा ४३५ वरही पुटपुटत असतो, अगदी क्षीण. तो ऐकू आला की समजायचं, आता पन्नास पावलांचाच प्रश्न.

२००९ ला लपवायची पाळी माझ्यावर आली. लपवणाऱ्याने कोल्ह्यापाशी बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. बारा-तेरा वर्षं मी हंट फक्त शोधणाऱ्याच्या बाजूने पाहिली होती. खाणीच्या दक्षिणेला घाणेरीच्या दाट झुडपात मी पहाटे पाचपासून पोत्यावर बसलो होतो. दहिवराने पायजमा भिजला. साडेसातला पहिले आवाज आले. माणसं येत, वीस पावलांवर थांबत, वाद घालत, आणि निघून जात. "इथे नाही रे, रिफ्लेक्शन आहे." तोंडाशी आलेलं 'अहो' मी कितीदा गिळलं असेल! दंतवैद्य तर माझ्यापासून दहा फुटांवर उभे राहून फोनवर दुपारच्या जेवणाचं बोलले.

साडेदहाच्या पुढे नाना आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, एकटे, काठी टेकत. यागी त्यांनी त्या वर्षी आणलाच नव्हता. जुना हँडी छातीशी धरलेला. ते थांबले, चार पावलं आले, पुन्हा थांबले. सेटवर काहीतरी फिरवलं. तिप्पट फ्रीक्वेन्सी असणार. मग हळूहळू गोल फिरायला लागले. देवळातल्यासारखे. तोंड माझ्याकडे होतं तेव्हा ते थांबले नाहीत. कुशीवर आले, थांबले नाहीत. आणि मग माझ्याकडे पूर्ण पाठ झाली तेव्हा थांबले.

खरखर मलाही ऐकू येत होती.

तसेच पाठमोरे उभे राहून नाना म्हणाले, "थर्मासमध्ये चहा उरलाय का रे थोडा?"