पहिल्या संपर्काच्या कादंबऱ्या : वाचनाची पुढची नोंद

परग्रहावरील बुद्धिमान सृष्टीशी माणसाची पहिली गाठ पडते तेव्हा काय घडते, या एकाच सूत्राभोवतीच्या कादंबऱ्या ओळीने वाचण्याचा उपक्रम उन्हाळ्यात हाती घेतला होता. तो आता बराच पुढे सरकला आहे. हॉइल, लेम, स्त्रुगात्स्की बंधू, क्लार्क आणि लिऊ यांचे वाचन पूर्ण झाले असून ले ग्विन यांचे पुनर्वाचन चालू आहे. एवढ्या वाचनानंतर माझे एक मत पक्के होत चालले आहे. परग्रहवासी अजून आपल्याला कळलेले नाहीत, ही अवस्था लेखक किती काळ आणि किती प्रामाणिकपणे टिकवून धरतो, यावर अशा कादंबरीचा कस लागतो. खालच्या शिफारशी याच मोजमापाने केलेल्या आहेत. ज्यांना कथानकाचा वेग अधिक महत्त्वाचा वाटतो, त्यांचा क्रम निश्चितच वेगळा लागेल.

सुरुवात फ्रेड हॉइल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' (1957) या कादंबरीपासून केली. वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेच्या रोखाने येतो, सूर्याभोवती विसावतो, पृथ्वीवरचा प्रकाश अडतो आणि हळूहळू शास्त्रज्ञांच्या ध्यानात येते की हा ढग विचार करणारा आहे. कोणी काय मोजले, त्यातून कोणते अनुमान निघाले आणि ते सत्ताधाऱ्यांच्या गळी कसे उतरवले, हा पूर्वार्ध आजही वाचनीय आहे. पुस्तकात चक्क गणिती समीकरणेही आहेत. मात्र ढगाशी संभाषण सुरू झाले की तो केंब्रिजमधील एखाद्या चतुर प्राध्यापकासारखा बोलू लागतो आणि गूढ झपाट्याने विरते. तरीही मराठी वाचकाने येथूनच आरंभ करावा, असे मी म्हणेन. जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉइल यांचेच विद्यार्थी होते, आणि 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने त्यांनी पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेपासून पुढच्या लेखनापर्यंत, आधी निरीक्षण, मग गणित आणि मग माणसांची धांदल ही जी रीत दिसते, तिचे नाते हॉइल यांच्या या कादंबरीशी सहज जुळते. नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी तिच्या जोडीने वाचावी. संपर्काचा धोका आकाशाऐवजी जमिनीखालून आला तर काय होईल, याचा विचार तेथे आहे.

या टप्प्यात सर्वाधिक वेळ स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'ने (1961) घेतला, आणि तो योग्यच होता. दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या एका ग्रहावर महासागर आहे, तो सजीव असावा असे मानले जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या संशोधनानंतरही त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. अवकाशस्थानकावर पोहोचलेल्या क्रिस केल्विनसमोर त्याची मृत पत्नी पुन्हा उभी राहते. हा महासागराचा प्रयोग आहे, भेट आहे की केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. बहुतेक वाचक या प्रेमकथेच्या ओढीने पुढे जातात आणि केल्विन ग्रंथालयात बसून सोलारिसविषयीचे जुने ग्रंथ चाळतो ती प्रकरणे घाईने उलटतात. माझ्या मते कादंबरीचा प्राण त्या प्रकरणांतच आहे. एका काल्पनिक विद्याशाखेचा उदय, तिच्यातील पंथभेद, वर्गीकरणाचा अट्टहास आणि अखेर आलेला थकवा लेम यांनी असा काही रंगवला आहे की विद्यापीठीय संशोधनाशी थोडाही संबंध आलेल्या वाचकाला हसू आवरणार नाही.

आवृत्तीविषयी एक सूचना आवश्यक आहे. 1970 साली निघालेला इंग्रजी अनुवाद मूळ पोलिश भाषेवरून केलेला नव्हता. तो फ्रेंच अनुवादावरून केला गेला होता आणि त्यात काही पात्रांची नावेही बदलली आहेत. इंग्रजी जाणणाऱ्या लेम यांना तो पसंत नव्हता. बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशवरून केलेला अनुवाद 2011 साली आला. शक्य असल्यास तोच मिळवावा. तार्कोव्स्की यांचा या कादंबरीवरील 1972 सालचा चित्रपट थोर आहे, परंतु त्याचा ओढा माणसाच्या अपराधभावाकडे अधिक आहे. म्हणून पुस्तक आधी वाचावे.

आर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की यांची 'रोडसाइड पिकनिक' (1972) ही या यादीतील माझी सर्वांत आवडती कादंबरी. येथे परग्रहवासी येऊन गेलेले आहेत आणि ते कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाहीत. मागे उरले आहेत ते काही निषिद्ध प्रदेश, आणि त्यांत विखुरलेल्या, उपयोग न कळणाऱ्या, अनेकदा जीवघेण्या वस्तू. रात्री चोरून आत शिरून या वस्तू बाहेर आणणारा आणि काळ्या बाजारात विकणारा रेड्रिक शुहार्ट हा नायक. शास्त्रज्ञ पिलमन एके ठिकाणी शंका मांडतो की हे सारे म्हणजे सहलीला आलेल्या मंडळींनी रस्त्याकडेला टाकून दिलेला कचरा असावा, आणि आपण त्याभोवती जमलेले किडेमुंग्या. मानवजातीला संदेश द्यायला कोणीतरी येईल या कल्पनेची इतकी शांतपणे वासलात लावणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही. विज्ञानापेक्षा पोट, कर्ज, दारू आणि आजारी मुलीची चिंता यांवर चालणारे हे कथानक शेवटच्या काही पानांत ज्या आकांताला पोहोचते, तो वाचकाने स्वतःच अनुभवावा. ओलेना बोर्माशेन्को यांचा 2012 सालचा अनुवाद घ्यावा. त्याला ले ग्विन यांची प्रस्तावना आहे, आणि पुस्तकरूपात छापण्यासाठी सोव्हिएत संपादकांशी वर्षानुवर्षे कसे झगडावे लागले याची बोरिस यांनी सांगितलेली हकीकतही आहे. ती कादंबरीइतकीच रंजक आहे.

आर्थर सी. क्लार्क यांच्या 'राँदेव्हू विथ रामा'विषयी (1973) थोडक्यात लिहितो, कारण ती बहुतेकांनी वाचलेली असेल. ग्रीक आणि रोमन देवतांची नावे संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळतात आणि 50 किलोमीटर लांबीच्या त्या पोकळ नळकांड्याला 'रामा' हे नाव मिळते, हा भाग वाचताना आपल्याकडच्या वाचकाला मौज वाटतेच. पात्रे पुठ्ठ्याची आहेत हा आक्षेप खरा आहे, पण मला तो गैरलागू वाटतो. येथे नायकपण वास्तूकडे आहे, आणि ती वास्तू आपल्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते. जेंट्री ली यांच्यासह लिहिलेले पुढचे भाग मात्र जे जे अज्ञात ठेवले होते ते ते समजावून सांगत बसतात. ते वगळावेत.

लिऊ त्सीशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'बद्दल माझे मत दुभंगलेले आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात वडिलांची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेली येह वेन्जिए हे पात्र, आणि एका व्यक्तीच्या निराशेतून साऱ्या मानवजातीचे भवितव्य ठरणे, हे अव्वल दर्जाचे लेखन आहे. चिनी पुस्तकात मध्यावर गेलेली ही प्रकरणे केन लिऊ यांच्या 2014 सालच्या इंग्रजी अनुवादात आरंभी आणली आहेत, आणि त्यामुळे कादंबरीला भक्कम पाया मिळतो. पुढे मात्र पात्रे एकमेकांना व्याख्याने देत राहतात, आणि परग्रहवासी आपल्याच राजवटींसारखे आदेश काढताना दिसू लागले की माझ्या कसोटीवर पुस्तक उणे ठरते. दुसरा भाग, 'द डार्क फॉरेस्ट', अधिक सरस आहे. संपर्क टाळण्यातच शहाणपण का असू शकते याचा त्यातील युक्तिवाद मान्य नसला तरी तो खोडून काढायला बराच वेळ जातो.

सध्या हाती असलेली अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969) या यादीत बसते का, यावर वाद होऊ शकेल, कारण गेथेन या हिमग्रहावरील लोक माणसांच्याच वंशाचे आहेत. फरक एवढाच की ते एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. तरीही मी ती घेतली, कारण समोरची व्यक्ती न कळणे इतके बारकाईने इतरत्र कोठे आलेले नाही. दूत म्हणून आलेला गेनली आय हा तेथील पंतप्रधान एस्त्राव्हेनबद्दल जे जे गृहीत धरतो ते बहुतेक चुकते, आणि त्याची किंमत एस्त्राव्हेनला मोजावी लागते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या कन्येने अहवाल, दैनंदिनी आणि लोककथा यांची वीण घालून तो समाज उभा केला आहे. पहिला तृतीयांश भाग दरबारी कारस्थानांमुळे जड जातो. तेथे पुस्तक मिटू नये, बर्फावरचा प्रवास पुढे आहे.

अद्भुतिकेच्या वाचकांसाठी सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' (2020) येथेच सुचवून ठेवतो. अंतहीन दालने, पुतळे आणि खालच्या मजल्यांतून चढणारी भरती यांच्यात राहणारा निवेदक त्या घराला जितक्या आदराने न्याहाळतो, तितका आदर लेम यांच्या शास्त्रज्ञांपैकी फार थोड्यांजवळ आहे. ती आकाराने लहान असल्यामुळे दोन जाड ग्रंथांच्या मध्ये सहज वाचून होते.

ले ग्विन यांच्यानंतर पीटर वॉट्स यांची 'ब्लाइंडसाइट' (2006) घेणार आहे. बुद्धिमत्ता असण्यासाठी जाणीव असावीच लागते का, हा तिचा प्रश्न असल्याचे कळल्यापासून ती लेमनंतर लगेच न घेता थोडी दूर ठेवली होती. लेखकाने ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिलेली असल्यामुळे ज्यांना सोबत वाचायची असेल त्यांना खर्चाची अडचण येणार नाही. पुढची नोंद तिच्याविषयी असेल.