तुम्ही विचारलंत म्हणून: दिरिकूत नमस्कार कसा करतात?

नामिबियात होतो म्हटलं की लोक आधी सिंहांचं विचारतात, आणि मग हमखास, "ती तोंडानं टॉक टॉक करतात ती भाषा येते का? हॅलो म्हणून दाखव ना!"

तर ऐका. मी रुंदूला होतो, ओकावांगो नदीच्या काठी, पलीकडे बघितलं की अंगोला. पूर्वेकडून येणारे माझे दोन सहकारी दिरिकू बोलायचे, म्हणजे बाहेरच्यांसाठी दिरिकू, त्यांच्या तोंडी ग्चिरिकू, आणि तो सुरुवातीचा 'ग्च' आपल्या बाराखडीत नाहीच. भाषा बांटू कुळातली (आफ्रिकेतलं एक मोठं भाषाकुळ), पण हे क्लिक, म्हणजे ते जिभेचे टॉक टॉक आवाज, शेजारच्या सान लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषांमधून आलेले. शाळेत रुमान्यो नावानं शिकवतात.

मी पहिल्या दिवशी बाजारात जाऊन सरळ टोमॅटोचा भाव विचारला. बाईंनी भाव सांगितलाच नाही, माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "मोरो." हा मोरो आफ्रिकान्समधल्या (तिकडच्या, डचमधून निघालेल्या भाषेतल्या) 'सकाळ'चा भाऊबंद, तिकडे सगळीकडे चालतो. मीही मोरो म्हटलं, मग कसं काय, बरंय झालं, आणि मग भाव. आपल्याकडे रिक्षावाल्याला "स्टेशन?" एवढंच विचारायची सवय, तिकडे ते चक्क उद्धटपणाचं. हात मिळवणंही तीन टप्प्यांत, आधी नेहमीसारखं, मग अंगठ्यात अंगठा, मग परत नेहमीसारखं, आणि समोर वडीलधारं असेल तर डावा हात उजव्या कोपराला. मी पहिला आठवडाभर दुसऱ्या टप्प्यालाच हात सोडून द्यायचो, समोरचा बिचारा अंगठा धरून उभा.

शब्द तसे पटकन जमतात (शेजारच्या म्बुकुशू भाषेत 'न्गेपी' म्हणजे कसं काय, नदीकाठच्या एका कॅम्पचं नावच आहे ते), अडतं ते क्लिकवर. महिनाभर जीभ दुखली. मग सहकारी म्हणाला, अरे तू वाईट बातमी ऐकलीस की आपोआप करतोस तोच तर आवाज आहे! खरंच की. आपलं हळहळतानाचं 'च्च', जीभ दातांमागे लावून मागे ओढायची, तोच. फक्त त्यांच्यात तो शब्दाच्या पोटात येतो आणि लगेच पुढचा स्वर धरायचा, तिथे माझी गाडी अजून अडते.

त्या रात्री आईशी फोनवर बोलता बोलता सराव चालू ठेवला, च्च, च्च, च्च.

आई घाबरून म्हणाली, "काय रे, कोण गेलं?"