यादीतली सोळा नावं

आज दिवसभर आशाताईंबरोबर गावात घरोघरी फिरले. शिरोळ तालुका, नदीकाठ, त्यामुळे पूर आला तर आधी कुणाला हलवायचं, ही यादी पावसाळ्याआधी करायचीच. जुलै-ऑगस्टात बाळंतपणाची तारीख असलेल्या बायका, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, अंथरुणाला खिळलेले. सोळा नावं झाली.

२०१९ ला यादी नव्हती. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि कळा सुरू झालेल्या एका पोरीला आम्ही होडीतून नेलं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटल्याची बातमी तेव्हा ताजी होती. त्या पोरीच्या आईने माझं मनगट असं धरलं होतं की दोन दिवस वळ राहिले. म्हणून यंदा ठरवलंय, ३९ झालं की दिवस भरत आलेल्या बायकांना हलवायचं. ४३ ची वाट बघायची नाही.

क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्सीच्या गोळ्या, सगळं मोजून ठेवलंय. सर्पदंशावरचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात आहे, ते मी स्वतः बघून आले.

शेवटचं घर आज्जींचं. इन्सुलिन फ्रिजमध्ये. म्हटलं, "लाईट गेली तर?" त्यांनी कोपऱ्यातलं मडकं दाखवलं, भोवती ओलं फडकं. "मागल्या पुरात ह्यातच ठेवलंतं की! पण आधी म्हस हलवा, मग मी येतो."

यादीत त्यांच्या नावापुढे म्हैससुद्धा लिहून घेतली. उद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बोलते, कारण म्हैस निघाल्याशिवाय आज्जी खरंच घर सोडायच्या नाहीत.