बेचाळिशीतला पिचर, दीड कोटी डॉलर

आज सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा २०२५चा हिशेब पाहत बसलो. पिचर (चेंडू फेकणारा) जस्टिन वर्लँडर, वय ४२, एका वर्षाचे १.५ कोटी डॉलर. २९ सामने, १५२ इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून) ३.८५, तरी त्याच्या खात्यावर लागलेले जय-पराजय ४-११! पहिला विजय थेट जुलैत. खरंच वाईट वाटतं, कारण तो चांगलं फेकत होता. संघाच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत. मुळात स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) पाच दिवसांतून एकदाच उतरतो. १६२ सामन्यांच्या साधारण १,४५८ इनिंगपैकी त्याच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा. संघ २०२४मध्ये ८०-८२, २०२५मध्ये ८१-८१. एक वर्षाचा करार मला पटतो. याआधी न्यूयॉर्क मेट्स संघाने मात्र त्याला दोन वर्षांसाठी ८.६७ कोटी डॉलर कबूल केले आणि पहिल्याच हंगामात त्याला ॲस्ट्रोज संघाकडे पाठवताना बराचसा पगार स्वतःच भरला. धावा होत नसतील तर आधी फलंदाज घ्या.