एग-मोर्त: समुद्रापासून लांब राहिलेलं बंदर

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरातून गाडी निघाली की आधी द्राक्षमळे लागतात, मग दलदल. त्या सपाट पाणथळीत अचानक तटबंदी दिसू लागते, तेच एग-मोर्त. ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, कामार्ग नावाच्या पाणथळ प्रदेशाच्या कडेला वसलेलं हे गाव.

असल्या डासांच्या जागी बंदर कशाला? तर तेराव्या शतकात भूमध्य समुद्रावर फ्रान्सच्या राजाला हक्काचं बंदरच नव्हतं. मार्सेय प्रोव्हान्सच्या काउंटच्या मुलखात, मोंपेलिये आरागॉनच्या राजाकडे. मग राजा नवव्या लुईने १२४० च्या सुमारास एका मठाकडून ही जमीन घेतली आणि १२४८ मध्ये इथूनच क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघाला. १२७० मध्ये पुन्हा गेला, तो ट्यूनिसलाच वारला. आज ज्या तटासाठी लोक येतात तो त्याने पाहिलाच नाही. ते काम मुलाने सुरू केलं आणि नातवाच्या काळात पुरं झालं.

तटावरून पूर्ण फेरी मारता येते, दीड किलोमीटरहून थोडी जास्त. समुद्र मात्र काही किलोमीटर लांब. तेव्हाही जहाजं खाजणांतून, कालव्यांतूनच ये-जा करत. पुढे ते गाळाने भरले. १४८१ मध्ये मार्सेय राजाच्या ताब्यात आलं आणि या बंदराची गरजच सरली. गावाची भरभराट झाली असती तर हा तट केव्हाच पाडला गेला असता, असं मला वाटतं.

कॉन्स्टन्स बुरुजात मात्र पाय जड होतात. भिंती सहा मीटर जाड. फ्रान्समध्ये तेव्हा बंदी असलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या बायकांना इथे कोंडत. मारी द्युराँ १७३० मध्ये आत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, सुटली १७६८ मध्ये. तिचा भाऊ धर्मोपदेशक होता, एवढंच निमित्त. धर्म सोडते म्हणाली असती तर दार उघडलं असतं. जमिनीतल्या भोकाभोवतीच्या दगडी कठड्यावर ‘झुकू नका’ अशा अर्थाचा एक शब्द ओबडधोबड अक्षरांत कोरलाय. तो तिनेच कोरला असं मानतात.

दक्षिणेच्या तटावरून मिठागरं दिसतात. उरण-पेणची मिठागरं पाहिलेल्याला वाफे आणि राशी ओळखीच्या वाटतील, पण पाणी चक्क गुलाबी! खारटपणा वाढला की त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा तो रंग. याच मिठागरांत ऑगस्ट १८९३ मध्ये इटालियन मजुरांवर जमाव तुटून पडला. किमान आठ जण मारले गेले. खटला अंगुलेमला चालला, आणि ज्युरीने झाडून सगळ्या आरोपींना सोडून दिलं.